बाबांचा जगरा

कोणी 'देवावर भरोसा ठेवा, सगळं ठीक होईल' असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. देवावर माझा भरोसा नाही असं नव्हे. आहे, आणि तो कुठून आला तेही मला पक्कं ठाऊक आहे. राग येतो तो म्हणणाऱ्याचा. जन्मभर मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. खाटेजवळ उभं राहून हे वाक्य म्हणणारे ढिगानं पाहिले, पण म्हणून झाल्यावर पेशंटची कूस बदलायला थांबलेले फार थोडे. मागच्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा नात्यातल्या एका सुनेनं मोबाइलवर मारुतीचं चित्र पाठवलं, खाली तेच वाक्य, त्याखाली जोडलेले हात. वाशिमहून कारंजाला यायला असा काय वेळ लागतो, पण ती आली नाही. मी तिला चार ओळी लिहायला घेतल्या होत्या, तर नातवानं फोन हातातून काढून घेतला. त्याच चार ओळी आता इथे लिहिते आहे, जरा लांबणार आहेत इतकंच.

आमचं गाव कामरगावच्या पुढे, फाट्यावर उतरून आत चालत जायचं. घर दोन खोल्यांचं, वर टिनाचे पत्रे, पुढे सारवलेलं अंगण, मागे शेवग्याचं झाड. मी तेव्हा नववीत होते. घरात आम्ही तिघंच, माय, बाबा आणि मी. माझ्या पाठची दोन भावंडं जगली नव्हती, आणि त्याबद्दल माय देवाशी कधी भांडल्याचं मी ऐकलं नाही. घरात घड्याळ नव्हतं. सकाळची एस.टी. फाट्यावर गियर बदलायची, तो आवाज आला की माय तवा चढवायची, आणि गावातल्या पिठाच्या चक्कीची टुकटुक थांबली की संध्याकाळ झाली असं समजायचं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी आणि तिच्यावर लसणाची फोडणी, हे आमचं बारमाही जेवण. दिवस मावळला की माय चुलीशेजारच्या कोनाड्यात दिवा लावायची. तिथे धुरानं काळी पडलेली मारुतीची एक तसबीर होती. पिठाचे हात तसेच जोडायची आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणायची, "आजचा काढला. उद्याचा तुह्यावर." एवढीच तिची प्रार्थना. ती झाली की लगेच भाकर थापायला बसायची.

आता रोडग्यांचं सांगते, कारण शहरातल्या लोकांना रोडगा म्हणजे हॉटेलातला पदार्थ वाटतो. आमच्याकडे तो नवस असतो. मूल झालं, दुखण्यातून माणूस उठला, हरवलेली म्हैस सापडली, की मारुतीपुढे रोडग्यांचं जेवण. जाडसर दळलेली कणीक घ्यायची, लाटीला तेल लावून एकात एक तीन पदर गुंडाळायचे आणि मुठीएवढा गोळा वळायचा. गोवऱ्या रचून पेटवायच्या, त्या विस्तवाला जगरा म्हणतात. ज्वाळ बसून निखारा फुलला की गोळे त्यात सोडायचे, चारी बाजूंनी शेकायचे आणि मग गरम राखेखाली गाडून टाकायचे. आतला पदर राखेतच शिजतो. वरून काही म्हणजे काही दिसत नाही, आणि कुणाला धीर धरवला नाही आणि त्यानं राख उकलली की ऊब निघून जाते, मग पुन्हा कितीही झाका, आतला पदर कच्चाच राहतो. हे सांभाळणारा माणूस लागतो. आमच्या गावात तो माणूस म्हणजे माझे बाबा, गणपत. वीस वर्षं गावातला एकही जगरा त्यांच्याशिवाय लागला नाही, चैती पुनवेचा, हनुमान जयंतीच्या गावजेवणाचाही. राखेशेजारी उकिडवे बसून राहायचे, कोणी काडी घेऊन पुढे आलाच तर एवढंच म्हणायचे, "उकलू नोको." या कामाचा त्यांना एक नारळ मिळायचा आणि मान मिळायचा. सगळ्या गावाचे नवस फेडताना धूर त्यांच्या डोळ्यांत गेला, स्वतःसाठी मात्र त्यांनी कधी एकही नवस बोलला नव्हता.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती, कपाशीची वेचणी जोरात होती. एका सकाळी बाबा अंगणात तोंड धुवायला बसले आणि तांब्या हातातून सुटला. उचलायला हात गेलाच नाही. मायनं हाक मारली तर तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. बैलगाडीत घालून फाट्यावर नेलं, तिथून जीपनं कारंजाच्या दवाखान्यात. डॉक्टर लकवा म्हणाले, जीव वाचला आहे, हातपाय रोज तेल लावून हलवत राहा, किती परत येईल ते सांगता येत नाही. तिथल्या एका सिस्टरनं मला बाबांची मिटलेली बोटं एकेक करून कशी उघडायची ते दाखवलं, दोनदा दाखवलं, मला जमेपर्यंत उभी राहिली. भरोसा ठेव वगैरे ती काही म्हणाली नाही. मी पुढे नर्स झाले त्याचं मूळ त्या बाईत असावं.

घरी आणल्यावर लोक यायला लागले. भेटायला म्हणून यायचे आणि चौकशी करून जायचे. बाबा बाजेवर पडलेले, त्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि त्यांच्या उशाशी बसून बाया मायला विचारायच्या, "काही चुकलं असन का ओ त्याइच्याकून?" एकीचं म्हणणं, जगऱ्याजवळ चपला घालून गेले असतील. दुसरीला आठवलं की कुणाच्या तरी नवसाला दोन रोडगे कच्चे निघाले होते. वीस वर्षं या माणसानं गावाला जेवू घातलं आणि यांना त्यातले दोन कच्चे तेवढे आठवले.

देवळाचा सगळा कारभार बापूराव पाहायचे. मोठे शेतकरी, आवाज त्याहून मोठा, आणि बोलताना दर दोन वाक्यांनी मारुतीचं नाव. एक दिवस तेही आले.

"वहिनी, नवस बोला," ते म्हणाले. "पाच पायलीचे रोडगे बोला मारोतीले. देव ऐकते."

माय बाबांच्या तळपायाला तेल चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाही बोलत, भाऊ."

"काहून?"

"देवानं आमचा हात सोडला काय? सोडला नसन, तं नवस कायले? आन सोडला असन, तं पाच पायलीच्या कणकीनं तो परत धरन काय?"

"एवढा गरव बरा नाही," बापूराव म्हणाले आणि मांडलेला चहा न पिता उठले. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की गणपतची बायको मारुतीला उलटून बोलली.

मला बापूरावांचा राग आला, पण खरं सांगायचं तर मायचा त्याहून जास्त आला. सगळा हिवाळा ती दिवसभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचत होती. शाळेतून आले की बाबांचं सगळं माझ्याकडे. भाकर बारीक कुस्करून वरणात कालवायची, घास भरवायचा, अर्धा घास ओठांतून गळायचा तो पुसायचा. मग हातपाय हलवायचे, बोटं उघडायची, ती पुन्हा मिटायची. आणि संध्याकाळ झाली की ही बाई कोनाड्यापुढे उभी राहून तेच म्हणणार. एकदा मला ते सहनच झालं नाही.

"त्याच्यावर कायले टाकतं?" मी म्हटलं. "बाबानं वीस वरसं धूर खाल्ला त्याच्यापायी. त्यानं काय केलं?"

"तुहा बाप आज जेवला ना?"

"अर्धं गळलं."

"अर्धं तं पोटात गेलं," माय म्हणाली. "मले जेवढं दिसते तेवढं मी म्हणतो. बाकीचं त्याले मालूम."

मला तेव्हा ती चेष्टा करते आहे असंच वाटलं. पंधरा वर्षांच्या पोरीला अर्धा घास पोटात गेला याचं काय कौतुक असणार. पुढे दवाखान्यात नळीनं पाणी पाजताना तिचं ते वाक्य मला हजारदा आठवलं, पण ते पुढे. तेव्हा मी फक्त चिडले होते.

त्या चिडण्यातच मी ती चूक केली. एका शनिवारी दुपारी माय वावरात गेलेली असताना बाबांच्या मालिशच्या तेलाची बाटली घेतली, देवळात गेले आणि अर्धी बाटली मारुतीवर ओतली. न्यायला दुसरं काही नव्हतं. आमच्या गावात नवस मनात बोलत नाहीत. तो तोंडानं, मोठ्यानं बोलायचा असतो, मनात बोललेला धरत नाही असं मानतात. मीही मोठ्यानं बोलले. "चैताच्या पुनवेले माह्या बाबानं अथी येऊन सोताच्या हातानं जगरा लावला पाह्यजे. तवा पाच पायलीचे रोडगे देतो तुले." नवस कसला, देवाला दमच दिला मी. मागे पारावर बापूराव बसलेले आहेत हे मी पाहिलंच नाही.

मी घरी पोहोचेपर्यंत चक्कीपाशी ते सगळ्यांना कळलं होतं. मायनं आधी बाटली पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"देवाले तारीख देली तू?" एवढंच तिनं विचारलं. मारलं नाही. उरलेलं तेल थेंब थेंब पुरवत राहिली. तिनं दोन थपडा दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

थंडी सरता सरता बाबांच्या पायात जोर आला. आधी भिंत धरून उभे राहिले, मग काठी घेऊन दारापर्यंत जाऊ लागले. जीभ जड होती, पण एका वेळी दोन-तीन शब्द निघायचे. हात मात्र आला नाही. खांद्यापासून नुसता लोंबायचा. गावात लोक मला वाटेत अडवून विचारायचे, "कुठवर आला ओ तुह्या बाबाचा हात?" जणू शर्यत लागली होती. पुनवेला आठ दिवस उरले तेव्हा बापूराव पुन्हा आले. बाबा दारातच बसले होते. बापूरावांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, थेट मायशी बोलले.

"पोट्टीचा नवस काही फळला नाही. देवाचा कौल दिसूनच राह्यला. यंदापासून गावाचा जगरा आमचा वसंता लावन. लकव्याचा हात मारोतीच्या इस्तवाले लागू द्याचा नाही, असं ठरलं हाये."

वसंता त्यांचा पुतण्या. बाबांनी काही बोलायचा प्रयत्न केला. ओठ हलले, लाळ आली, शब्द यायला वेळ लागत होता. तेवढा वेळही बापूराव थांबले नाहीत. ते गेल्यावर बाबांनी डाव्या हातानं उपरणं तोंडावर ओढून घेतलं. लकवा झाला तेव्हा ते रडले नव्हते, त्या दिवशी रडले. आणि त्याला कारण मी होते. माझेच शब्द उचलून त्या माणसानं माझ्या बापाला देवाच्या दारातून बाहेर काढलं होतं. जमीन घेतली असती, घर घेतलं असतं, तरी बाबा सावरले असते. पण मारुतीपुढची ती राखेशेजारची जागा गेली तर त्यांना या गावात बसायला जागाच उरत नव्हती.

संध्याकाळी मायनं दिवा लावला, नेहमीचं म्हटलं आणि माझ्याकडे वळली. "पुनवेले आपण आपले रोडगे करू. देवळाबाहीर, निंबाखाली. तुहा बाप सांगन, तू जगरा लाव."

"कायचे रोडगे? नवस तं फळला नाही."

"नवसाचे कोन म्हणते? सवा महिना जो माणूस कूस बदलू शकत नव्हता तो दारापर्यंत चालून राह्यला. परवा मले नावानं हाक मारली त्यानं. हे ज्यानं देलं त्याचे."

देवळापर्यंत फार तर दोनशे पावलं. पुनवेच्या सकाळी ती चालायला बाबांना केवढा वेळ लागला. डाव्या हातात काठी, उजव्या बाजूला मी, मागे डोक्यावर कणकेची परात घेऊन माय. लोक दारात येऊन पाहत होते. कोणी पुढे येऊन हात दिला नाही, अपवाद फक्त चक्कीवाल्या शेषरावचा. त्यानं न विचारता गोवऱ्यांचं पोतं खांद्यावर घेतलं आणि निंबाखाली आणून टाकलं. देवळाच्या मागे गावाचा जगरा धडाडून पेटला होता. बाबा निंबाच्या बुंध्याला टेकून बसले आणि काठीच्या टोकानं जमिनीवर गोल आखून दिला. गोवऱ्या आडव्या लावल्या की काठीनं पाडायचे, उभ्या लावल्या की मान हलवायचे. वाऱ्याची बाजू त्यांनी डोळ्यांनीच दाखवली.

जगरा पेटला तसे बापूराव आले. "गावात कधी बाईमाणसानं जगरा लावला काय? पोट्टीच्या हातचा निवद मारोतीले चालत नाही."

"मारोती आपल्या तोंडानं सांगन तवा उचलून नेऊ," माय रोडगा वळता वळता म्हणाली. आजूबाजूला कोणीतरी हसलं आणि बापूराव परत गेले.

निखारा फुलल्यावर रोडगे सोडले, शेकले, आणि बाबांनी खूण केल्यावर राखेखाली गाडले. मग वाट पाहायची. ती वाट मला पाहवेना. माझ्या डोक्यात देव नव्हता, बापूराव होते. एकेक रोडगा असा खमंग निघाला पाहिजे की त्यांच्या तोंडावर नेऊन ठेवावा, एवढाच विचार. आणि कच्चे निघाले तर? सगळं गाव म्हणणार, पाहा, कौल दिला देवानं. लोक घोळका करून उभे होते. मी काडी उचलली आणि कडेची राख उकरली. वाफ निघाली. आणखी उकरणार तेवढ्यात बाबांनी काठी टाकली. डाव्या हातानं त्यांनी आपला उजवा हात उचलला, एखादी वस्तू उचलावी तसा, आणि माझ्या मनगटावर आणून ठेवला.

"उकलू... नोको."

पाच महिने तो हात मी चोळत होते. गेलेलाच हात म्हणून चोळत होते. तो इतका जड असेल, इतका ऊन असेल, हे मला माहीत नव्हतं. बाबांनी तो काढला नाही आणि मला मनगट हलवता आलं नाही. उन्हं निंबाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेली. लोक कंटाळून गावजेवणाच्या पंगतीकडे निघून गेले. आम्ही तिघं त्या राखेकडे पाहत बसलो, आणि राखेत काही दिसत नव्हतं.

राख बाजूला केली तेव्हा मी उकरलं होतं त्या कडेचे तीन रोडगे आत कच्चे निघाले. बाकी सगळे शिजले होते, अगदी आतल्या पदरापर्यंत. बाबांनी एक गुडघ्यावर दाबून फोडला, नाकाशी नेला आणि मान हलवली. पहिला रोडगा तूप घालून माय देवळात घेऊन गेली. आत जाऊ दिलं नाही म्हणून तिनं तो पायरीवर ठेवला आणि तिथूनच नेहमीच्या आवाजात बोलली, "मागाले नाही आली. सांगाले आली. आमी हाओत, आन तू हायेस." मग परत येऊन तिनं वाढायला घेतलं. शेषराव जेवला. ज्या बायांनी 'काय चुकलं असन' विचारलं होतं त्यांतल्याही दोघी येऊन बसल्या आणि मायनं त्यांनाही वरून तुपाची धार सोडली. मला इतका संताप आला की मी पाणी वाढायला उठले नाही. बाबांनी तीन कच्च्यांतला एक आपल्या ताटात ओढला. तो कच्चा आहे म्हणून मी सांगितलं, तर अर्ध्याच तोंडानं हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसले. वसंताचे रोडगे कसे झाले ते मी विचारलं नाही. चांगलेच झाले असतील, पोरगा वाईट नव्हता.

बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. हात आला नाही. गावाचा जगराही त्यांना परत मिळाला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टी सांगणारे शेवटी माणसाला उठवून धाववतात आणि ज्यांचा माणूस उठला नाही त्यांना मेल्याहून मेल्यासारखं करतात. आमच्याकडे फक्त दर वर्षी चैती पुनवेला निंबाखाली एक लहान जगरा लागायचा, बाबा सांगायचे, मी लावायचे, आणि वर्षागणिक निंबाखालची पंगत थोडी लांबत गेली. बापूराव वारले तेव्हा मी गावापासून तासाभरावर होते, तरी गेले नाही. मायनं त्याबद्दल मला खूप बोल लावले. लावू दे.

बाबा गेले त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. सुतकात देवाला दिवा लावत नाहीत. तरी चक्की थांबली तशी माय उठली आणि अंधाऱ्या कोनाड्यापुढे जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आज ही काही म्हणणार नाही. आज म्हणण्यासारखं काय उरलं आहे. तिनं हात जोडले आणि तेच म्हटलं, ना हळू ना मोठ्यानं. मला तिचा इतका राग आला की मी अंगणात जाऊन बसले.

मग बऱ्याच वर्षांनी माय गेली. पहिल्या संध्याकाळी मी त्याच कोनाड्यापुढे उभी होते. दिवा नव्हता, तसबीर दिसत नव्हती. बाहेर बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणत होतं, देवावर भरोसा ठेवा. माझ्या मनगटावर बाबांच्या हाताचं ते जुनं वजन होतं, तसंच ऊन. मी हात जोडले आणि रागातच म्हटलं, चांगलं मोठ्यानं म्हटलं, कारण मनात बोललेलं धरत नाही, "आजचा काढला. उद्याचा तुह्यावर."